बघणारा तिथं नव्हता

बाळ, फोटो कसा काढायचा हे मी तुला शिकवणार नाही. ते तुझ्या फोनला माझ्यापेक्षा बरं येतं. उजेड किती, अंतर किती, हात हलला का, हे सगळं तो आपलं आपण बघतो. खिशातल्या रुमालानं काच तेवढी पुसून घेत जा. स्वयंपाकघरातल्या तेलकट बोटाचा ठसा काचेवर असला की महागातला फोनही धुरकट फोटो देतो. एवढं सोडलं, तर काढण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मला बोलायचंय ते पाठवण्याबद्दल. तू पुण्याला गेल्यापासून घरच्या ग्रुपवर तुझे फोटो येतात. रस्त्यावरचं झाड, मंडईतली भाजी, खिडकीतला पक्षी, तू विणलेला रुमाल, टेकडीवर सापडलेला दगड. मला ते आवडतात. पण निम्म्या वेळा आम्ही इथं एकमेकांना विचारत बसतो, की हे आहे काय, केवढं आहे आणि आहे कुठलं?

सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. फोटो काढताना तू तिथं होतीस, बघणारा तिथं नव्हता. तुला वास आला, वारा लागला, दगड उचलल्यावर त्याचं वजन हाताला कळलं. त्याच्यापर्यंत पोचलं ते तळहाताएवढं चित्र. मधलं जे गळलं ते भरून देणं हे पाठवणाऱ्याचं काम. स्टुडिओत जन्म काढल्यावर माझ्या हाती एवढंच लागलं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

लांबून, मधून, जवळून

आमच्या काळी घरोघरी आग्फाचा क्लिक थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा संपले की रोल धुवायला द्यायचा आणि कॉप्यांची वाट बघायची. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. तुझ्यावर तसं बंधन नाही आणि असूही नये. काढताना हवे तेवढे काढ. विचार पाठवताना कर.

एका विषयाचे तीन फोटो पुरतात. एक लांबून, म्हणजे जागा कळते. एक मधून, म्हणजे वस्तू कळते. एक जवळून, म्हणजे तिचं काम कळतं. सुगरणीचं घरटं घे. पहिल्या फोटोत विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि तिला लटकलेली सगळी घरटी येऊ देत. दुसऱ्यात एकच घरटं, खालची नळी दिसेल असं. तिसऱ्यात गवताच्या पात्या एकमेकींत कशा ओवल्यात ते. विणणारा नर असतो, मादी येऊन पारखते, ही ओळ खाली लिहिलीस की झालं. हेच तू वीस फोटो टाकून सांगायला गेलीस, तर पंगतीत सगळं एकदम वाढल्यावर होतं तसं होईल. पानात काय काय आहे तेच कळत नाही.

जे बदलतं त्याची मात्र मालिका कर. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, त्याचा पूर्ण उमललेला एकच फोटो सगळे टाकतात. त्याआधीची लोंबती कळी, रात्री आठला सुटू लागलेलं तोंड, दहाचं फूल आणि सकाळी मान टाकलेलं फूल, असे चार फोटो एकाच कोनातून घेतलेस तर ती गोष्ट होते. खाली लिही, की हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, ते निराळं. ग्रुपवर वाद होईल, पण चांगला वाद होईल.

मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. गच्चीत एक फुलपात्र उपडं घाल आणि सव्वाबारा, साडेबारा, पाऊण असे तीन फोटो काढ. मधल्यात सावली नसेल. जुलैअखेरीला हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे आपलं काही चालत नाही.

केवढं आहे ते कळू दे

दगड, शिंपला, किडा, बी, खिळा. फोटोत सगळं सारख्याच आकाराचं दिसतं. शेजारी काहीतरी ठेव. दहा रुपयांचं नाणं उत्तम, ते २७ मिलिमीटरचं असतं आणि ते सगळ्यांनी हाताळलेलं असतं. मोठी वस्तू असेल तर एटीएम कार्डाएवढी पट्टी पुठ्ठ्यातून कापून घे, साडेआठ सेंटिमीटरला थोडी जास्त. खरं कार्ड ठेवू नकोस, त्याच्यावरचा नंबर साऱ्या गावाला वाचता येईल. झाडापाशी माणूस उभा कर. वडाच्या बुंध्याशी आपल्या उंचीचा कुणी उभा राहिला की वेगळं माप सांगावं लागत नाही.

नाव, गाव, तारीख

फोटोखाली दोन ओळी लिही. काय आहे, कुठं, कधी. जमलं तर तुला त्यात काय वेगळं वाटलं ते. नमनाला घडाभर तेल नको. ‘ताम्हण, आमच्या कॉलनीच्या फाटकाशी, १ मे, यंदा पहिल्यांदाच एवढी बहरली.’ बस. महाराष्ट्राचं राज्यपुष्प महाराष्ट्र दिनाला फुललेलं दिसलं, हे वाचणाऱ्याच्या आपोआप ध्यानात येतं.

तारखेला मोल असतं, आणि ते उशिरा कळतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तुझ्या फोटोवर साल आणि डोंगराचं नाव असेल, तर पुढचा बहर कधी येणार याचा अंदाज त्याच फोटोवरून बांधता येईल. पहिला काजवा, पहिली कैरी, पावशाची पहिली हाक, यांच्या तारखा दर साली लिहिल्यास तर काही वर्षांनी तुझ्याजवळ असा दस्तऐवज होईल, जो कुठल्या दुकानात मिळत नाही.

आणि दुसऱ्याचा फोटो असेल तर तसं लिही. ज्याचा त्याला मान दे. कुठून तरी आलेल्या सुप्रभातच्या गुलाबापेक्षा आपल्या कुंडीतली साधी तगर मला जास्त बोलते. ती तुझ्या खिडकीतली असते.

मागचं कापू नकोस

सजवलेलंच दाखवावं असा लोकांचा समज असतो. मागची दोरीवरची धुणी, कोपऱ्यातली बादली, भिंतीवरचं कॅलेंडर कापून टाकतात. मला उलटं वाटतं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. तेव्हा कुणी बायकोमुलांचा फोटो काढताना मागून ट्राम गेली असेल, तर आज त्या घरातली मुलं आधी ट्रामकडे बोट दाखवतात. पिवळे एसटीडी बूथ कुणी मुद्दाम काढून ठेवले का? ते फोटोत आले ते कुणाच्या तरी खांद्यामागून. आज तुझ्या फोटोत मागे जे कंटाळवाणं दिसतंय, ते तुझ्या नातवंडांना सगळ्यात मजेचं वाटेल.

होमाई व्यारावाला ठाऊक आहेत ना? वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या देशातल्या पहिल्या स्त्री. नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या दिवसांचे त्यांचे फोटो जगभर गेले. पण कॉलेजात असताना मिळालेलं त्यांचं पहिलं काम एका सहलीचं होतं, आणि ते फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’नं छापले. चार माणसं रानात जाऊन डबे सोडून बसली, एवढाच विषय. तेव्हा ‘यात काय काढायचं’ असं म्हणू नकोस.

छंदाचा फोटो

विणलेलं, भरलेलं, शिवलेलं दाखवताना उलटी बाजू दाखव. जाणकार बाई गोधडी हातात घेतली की आधी पालथी करते. टाका मागं कसा आलाय, गाठ कुठं मारलीय, यावर तिचं मत ठरतं. रांगोळी काढलीस तर स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो घे, आणि खाली ठिपके लिही. पंधरा ठिपके, पंधरा ओळी, की मधून सोडलेले? ते कळलं की इथली तुझी काकू उद्या तीच रांगोळी दारात काढेल. पदार्थाचंही तसंच. वाटीचं प्रमाण लिहिलं तर फोटो कामाचा. नाहीतर तो नुसता भूक लावतो.

दिवाळीतल्या किल्ल्याचा फोटो पोरं पूर्ण झाल्यावर काढतात. मला आधीचा हवा असतो. विटांचे तुकडे, पोती, चिखलानं भरलेले हात. किल्ला सगळ्यांचा सारखाच दिसतो, तो कसा उभा राहिला ते घरोघरी निराळं. चकाकणारी भांडी, दागिने किंवा जुनं घड्याळ काढायचं असेल तर फ्लॅश बंद कर, खिडकीजवळ ने, आणि तिरकी उभी राहा. समोर उभी राहिलीस की तूच त्यात दिसतेस.

सापडलेली वस्तू

आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्ह्याचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्यानं खनिजं आणून साचवली. म्हणून विहीर खणताना किंवा खाणीत अचानक पांढऱ्या सुयांचा झुपका, मोतिया पाकळ्या नाहीतर काचेसारखे स्फटिक निघतात. वाघोलीच्या खाणींतून निघालेलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून ये. असा दगड सापडला तर पुढून, मागून आणि ज्या काळ्या दगडात तो बसलाय त्याच्यासकट फोटो काढ. एक कोरडा, एक ओला करून. काळा दगड फोडून नुसता स्फटिक दाखवलास तर त्याचं घर गेलं.

गावाच्या वेशीवर, देवळामागं वीरगळ असतात. त्या खालून वर वाचायच्या. तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दुपारच्या उन्हात यातलं काही दिसत नाही. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, किंवा अंधारात बॅटरी एका बाजूनं धर. कोरीव कामाची सावली पडली की आकृत्या उठून येतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, चुना काही लावू नकोस. शेकडो वर्षं टिकलेला दगड आपल्या एका फोटोसाठी खराब व्हायला नको.

जुनं नाणं मिळालं तर चिंचेनं घासू नकोस. हिरवट थर गेला की त्याचं वय गेलं, आणि जाणकाराच्या लेखी मोलही गेलं. दोन्ही बाजू आणि कड, असे तीन फोटो. शिवराई असेल तर एकीकडे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ असं वाचता येईल, निदान त्यातली दोन-तीन अक्षरं. आणि कायदा ठाऊक असू दे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे, पण तो अजून लागू आहे. ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी तो कागद द्यावा. नाहीतर फोटो बघून दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पहार घेऊन तिथं हजर.

ओळख विचारायची असेल तर

‘हे काय आहे?’ असं विचारून नुसत्या फुलाचा फोटो टाकू नकोस. पान दोन्ही बाजूंनी, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल, फळ आणि आख्खं झाड, एवढं दिलंस तर सांगणाऱ्याला सांगता येतं. भूछत्राचा फोटो छत्रीखालच्या पट्ट्या आणि दांड्याचं बूड दिसेल असा हवा. पण फोटोवरून कुणी काही नाव सांगितलं, म्हणून ते भूछत्र खायचं नाही. ही माझी सक्त ताकीद समज.

सापाबाबत तर जास्तच. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीनं असतात, डोक्यापासून थोडं मागं सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. बिनविषारी कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. म्हणून मान आणि शेपूट दोन्ही दिसली तर जाणकाराचं काम सोपं होतं. पण तो फोटो लांबूनच घ्यायचा, आणि आधी सर्पमित्राला फोन करायचा. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

जे तिथंच राहणार आहेत

आत्तापर्यंत जो तिथं नव्हता त्याचा विचार केला. आता जो तिथं आहे आणि तू गेल्यावरही तिथंच असणार आहे, त्याचा कर. फोटो काढून तू निघून जातेस. भाजीवाली, घरटं, फूल तिथंच राहतं.

माणसाचा फोटो असेल तर विचार. ‘मावशी, फोटो काढू का? माझ्या आजोबांना पाठवायचाय.’ कुठं जाणार आहे तेही सांग. घरच्या ग्रुपसाठी म्हणून होकार घेतलास तर तो फोटो तिथंच ठेव, साऱ्या जगासमोर टाकू नकोस. ती नको म्हणाली तर हसून भाजी घे आणि पुढं चल. काढलास तर तिला दाखव, आणि पुढच्या खेपेला एक कॉपी नेऊन दे. आमच्या धंद्यात कॉपी दिल्याशिवाय फोटो पुरा झाला असं कुणी मानत नसे.

घरट्यासमोरची पानं फोटोसाठी दूर करू नकोस. उघडं पडलेलं घरटं कावळ्याला आणि भारद्वाजाला आयतं सापडतं. पिल्लू हातावर घेऊन फोटो नको. घुबड, मांडूळ यांची जागा तर कुणालाच कळू देऊ नकोस. अंधश्रद्धेपायी आणि पैशापायी त्यांना पकडणारे लोक आहेत, आणि त्यांच्याही हातात फोन आहे. गाव, रस्ता, झाड काही लिहू नकोस. ‘सातारा जिल्हा’ एवढं पुरे. निसर्गाच्या नोंदी घेणारं आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपणहून झाकतं, ते उगीच नाही. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून तिथं गर्दी आहे. फुलांत बसून फोटो काढला की ज्याच्यासाठी आलो तेच आपल्या बुडाखाली येतं. वाटेवरूनच काढ.

फोटोबरोबर नकळत काय जातं

फोनमधल्या मूळ फोटोत तारीख-वेळेबरोबर जागाही नोंदलेली असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती गळते आणि फोटो थोडा बारीकही होतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलास तर मूळ फाईल जाते, आणि जागेसकट जाऊ शकते. घरच्यांना चांगली प्रत पाठवायला हे सोयीचं आहे, पण अनोळखी माणसाला पाठवताना ध्यानात ठेव. पार्सलवरचा पत्ता, पोराच्या गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, टेबलावर पडलेलं आधारकार्ड, हे कोपरे पाठवण्याआधी एकदा बघून घे. आणि आपण सगळे गावाला गेलोय हे परत आल्यावर कळवलं तरी चालतं.

पाठवायची वेळ

पहाटे पाचला दहा फोन वाजवू नकोस. ग्रुपवर कुणाच्या घरची दुःखाची बातमी आली असेल, तर त्या दिवशी तुझं फूल थांबू दे. फुलाला घाई नसते. मुद्दाम एकाच माणसाला पाठवलेल्या फोटोची गोडी निराळीच असते. काजूच्या बोंडाचा फोटो ग्रुपवर टाकण्यापेक्षा कोकणातल्या आत्याला पाठव, आणि विचार, की तुझ्याकडं बोंडं पिवळी होतात का लाल?

वर्षाअखेर बसून निवडलेल्यांच्या कॉप्या काढून घे. मागं मऊ पेन्सिलनं नाव, गाव, तारीख लिही. बॉलपेननं लिहू नकोस, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. फोन बदलतात, पासवर्ड विसरतात. पेन्सिलीतली ओळ माझ्या आजोबांच्या फोटोमागं अजून वाचता येते.

दुसऱ्याचा फोटो आला की

हा शेवटचा नियम, आणि पाळायला सगळ्यात अवघड. कुणी आपल्या बागेतला, भिंतीवरचा, ताटातला फोटो पाठवला की नुसता अंगठा ठेवून पुढं जाऊ नकोस. अंगठ्याचा अर्थ ‘बघितलं’ एवढाच होतो. एक प्रश्न विचार. कुठल्या झाडाचं कलम? किती दिवसांनी फूल आलं? हा टाका कुणी शिकवला? आता तू तिथं नाहीस, तो आहे. त्याला सांगायला जागा दे. दाखवणाऱ्याला एवढंच हवं असतं, आणि त्याच्या उत्तरातून तुला जे कळेल ते त्याच्या फोटोत नव्हतंच.

म्हणून तुझ्या त्या टेकडीवरच्या दगडाबद्दल माझे प्रश्न तयार आहेत. तो केवढा आहे, कुठल्या खड्ड्यात मिळाला, आणि मागच्या बाजूला काय दिसतं? नाणं शेजारी ठेवून पुन्हा काढ आणि पाठव.